गॅरेजातील घातक रसायने : नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शिकाऊ उमेदवार म्हणून गॅरेजात आलेल्या तरुणाला पहिल्या आठवड्यात पान्यांचे नंबर सांगितले जातात, जॅक कुठे लावायचा ते दाखवले जाते, गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे तेही थोडेफार कळते. मात्र त्याच आठवड्यात त्याचे हात पेट्रोल, थिनर (रंग पातळ करायचा द्रव), ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आणि बॅटरीचे ॲसिड यांत बुडू लागलेले असतात, आणि त्यांच्याविषयी त्याला सहसा कोणी बसवून समजावत नाही. शिकवणारे मेस्त्री निष्काळजी असतात असे नव्हे. वर्षानुवर्षे हाताळलेली वस्तू धोकादायक वाटेनाशी होते, आणि जी धोकादायक वाटत नाही तिच्याविषयी नव्याला सावध करावे असे सुचतही नाही.

पुढील मार्गदर्शन दुचाकी-चारचाकी दुरुस्तीच्या लहान आणि मध्यम गॅरेजात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. कोणत्याही रसायनाला हात लावण्यापूर्वी त्याच्याविषयी तीन गोष्टी ठाऊक असायला हव्यात : ते नेमके काय आहे, त्याची वाफ किंवा धूळ कुठे जाते, आणि काम झाल्यावर उरलेले कुठे जाणार आहे.

पहिली पायरी : डब्यात काय आहे ते जाणून घ्यावे

कामाच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच मेस्त्रींची परवानगी घेऊन गॅरेजातील सगळे डबे, कॅन आणि बाटल्या एकदा पाहून त्यांची वहीत यादी करावी. कंपनीच्या मूळ डब्यावर लाल किनारीच्या चौकोनात, म्हणजे टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात, धोक्याची चित्रे छापलेली असतात. ज्वालेचे चित्र असेल तर ते द्रव्य पेट घेणारे आहे, हातावर आणि धातूवर ठिबकणारा थेंब दाखवला असेल तर ते भाजणारे आणि गंज पाडणारे आहे, आणि कवटी असेल तर ते थोड्या मात्रेतही विषारी आहे. सर्वांत दुर्लक्षित राहते ते माणसाच्या छातीवर फुटलेल्या ताऱ्याचे चित्र. आज काही जाणवणार नाही, पण पुढे फुप्फुसे, मज्जातंतू किंवा अन्य अवयवांना इजा होऊ शकते किंवा कर्करोग होऊ शकतो, असे ते सांगते. ज्याची नोकरीची तीस-चाळीस वर्षे पुढे आहेत, त्याने हेच चित्र सर्वांत आधी शोधले पाहिजे.

बहुतेक औद्योगिक रसायनांसाठी सोळा भागांचे सुरक्षा माहितीपत्रक असते. विक्रेत्याकडे मागावे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. सोळाही भाग तोंडपाठ करण्याची गरज नाही. चौथ्या भागात प्रथमोपचार, पाचव्यात आग विझवण्याची पद्धत, सातव्यात हाताळणी व साठवण आणि आठव्यात कोणते हातमोजे व कोणता मास्क वापरावा ते दिलेले असते. एवढे चार भाग वाचून फाइलला लावले तरी पुष्कळ काम होते.

मूळ डब्यातून दुसऱ्या बाटलीत ओतलेल्या प्रत्येक द्रवावर ठळक अक्षरांत नाव लिहिलेच पाहिजे. डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीचे ॲसिड आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे भारतीय मानक) डिझेल गाड्यांत भरायचा युरियाचा द्रव, हे तिन्ही पाण्यासारखे स्वच्छ दिसतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर यांपैकी काहीही, एका मिनिटासाठीसुद्धा, भरू नये. दुपारच्या उन्हात गाडीखालून बाहेर आलेला तहानलेला माणूस समोर दिसेल ती बाटली उचलून तोंडाला लावतो, आणि पहिला घोट घेतल्यावरच त्याला चव कळते. बिनालेबलची बाटली सापडली तर वास घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नये. ती बाजूला ठेवून मेस्त्रींना विचारावे आणि कोणालाच सांगता येत नसेल तर ती टाकाऊ रसायनांत जमा करावी.

दुसरी पायरी : साठा आणि हवा

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर १ लिटरपर्यंत आणि धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतचे. लहान गॅरेजाला एवढ्याची गरजही पडत नाही. गाडीतून काढलेले पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, वेल्डिंग आणि ग्राइंडरच्या जागेपासून दूर ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर त्याच गाडीत परत भरावे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. फरशीवरून सरकत जाते आणि गाडीखाली जाण्यासाठी केलेल्या खड्ड्यात, गटारात, सखल कोपऱ्यात साठून राहते. त्यामुळे पेट्रोल सांडले एका टोकाला आणि भडका उडाला दुसऱ्या टोकाच्या स्विचपाशी, असे घडू शकते. एलपीजीही असाच खाली बसतो. सीएनजी मात्र हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली जमतो. म्हणून सीएनजी गाडीच्या गळतीचे काम करताना वरच्या खिडक्या आणि झरोके उघडे हवेत, तर पेट्रोलच्या कामात जमिनीलगतची हवा खेळती राहिली पाहिजे. एकच पंखा लावून दोन्ही साधते असे समजू नये. शिवाय साध्या पंख्याच्या मोटारीत ठिणगी पडू शकते, त्यामुळे वाफ साठली असेल त्या ठिकाणी पंख्याचे किंवा कोणतेही बटण दाबू नये. आधी दारे उघडावीत.

डिझेल आणि रॉकेल पेटत नाही, असा समज गॅरेजात सर्रास आढळतो आणि सुटे भाग धुण्यासाठी ते बिनधास्त वापरले जाते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते आणि डिझेल-रॉकेलसाठी आपल्याकडील मानकात ही किमान मर्यादा ३५ अंश ठेवलेली आहे, त्यामुळे पुण्याच्या थंडीत तो समज काही अंशी खरा ठरतो. पण मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे सावलीतला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही अधिक तापते. तेव्हा उघड्या घमेल्यातले रॉकेल पेट्रोलइतकेच सांभाळून वापरले पाहिजे. त्या दिवसांत सुटे भाग धुण्याचे काम सकाळी लवकर करावे आणि घमेल्यावर झाकण ठेवावे.

पावसाळ्यात निराळाच धोका उद्भवतो. पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धे ओढून घेतले जाते आणि आत गाडीचे इंजिन चालू राहते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटू लागले, तर ती दगदग नव्हे. इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर पडावे. इंजिन चालू ठेवणे भाग असेल तर सायलेन्सरला नळी जोडून तिचे तोंड बाहेर काढावे.

तिसरी पायरी : हात, डोळे आणि श्वास

दिवसाअखेरी काळे झालेले हात पेट्रोल किंवा थिनरने धुण्याची सवय कोणी शिकवली तरी ती घेऊ नये. बीएस-६ पेट्रोलमध्येही एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. शिवाय पेट्रोल-थिनर त्वचेचा नैसर्गिक तेलकटपणा काढून टाकतात. मग हात फुटतात आणि त्या भेगांतून पुढची रसायने अधिक सहज आत जातात. कामाला बसण्यापूर्वी हातांना साधे मलम किंवा व्हॅसलिन चोळावे आणि नंतर साबण व बारीक लाकडी भुशाने हात धुवावेत. तेवढ्याने बहुतेक काळेपणा निघतो. नखांत थोडा उरला तर उरू द्यावा. तेलाने माखलेले फडके पँटच्या खिशात कोंबू नये, कारण वापरलेल्या इंजिन ऑइलमधील कर्करोगकारक घटक तिथे तासन्‌तास मांडीला लागून राहतात.

होजिअरीचे सुती हातमोजे द्रवापासून संरक्षण देत नाहीत. उलट द्रव शोषून हाताशी धरून ठेवतात. ऑइल, डिझेल, ग्रीस यांसाठी नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे पुरेसे आहेत. थिनर मात्र पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत आरपार जातो, म्हणून अशा कामात मोजे वारंवार बदलावेत किंवा माहितीपत्रकात सांगितलेले जाड मोजे घ्यावेत. ड्रिल किंवा फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत.

मास्कच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत होते. कापडी रुमाल आणि एन-९५ मास्क वाफ अडवत नाहीत. एन-९५ केवळ धूळ अडवतो. थिनर आणि क्लीनरच्या वाफेसाठी कोळशाची कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, असलेला मास्क लागतो, आणि वास येऊ लागला की कार्ट्रिज संपली असे समजून ती बदलावी लागते.

चौथी पायरी : कामागणिक काळजी

पेट्रोलची टाकी किंवा पाइप उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प जवळ ठेवू नये. तो घसरून सांडलेल्या पेट्रोलात फुटला तर तापलेली तार भडका उडवायला पुरेशी असते. बंदिस्त एलईडी दिवाच वापरावा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणे पूर्णपणे टाळावे, त्यासाठी हातपंप अगदी स्वस्तात मिळतो. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा ठसका लागून फुप्फुसात गेलेले चमचाभर पेट्रोल अधिक घातक असते.

बॅटरीच्या कामात ॲसिड आणि वायू असे दोन धोके एकत्र असतात. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की तो स्फोटक ठरतो. म्हणून कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे, डोळ्यांना बंदिस्त चष्मा लावावा आणि चार्जर बंद केल्यावरच चिमटे काढावेत. सोडवताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम पाळावा, कारण पॉझिटिव्हवर लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला तर निगेटिव्ह सुटलेली असताना ठिणगी पडत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट देताना शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावा. पाणी कमी झाले असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड नव्हे. आणि तेही चार्जिंगनंतर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर उतू जाते. ॲसिड पातळ करण्याची वेळ आलीच तर पाण्यात ॲसिड हळूहळू सोडावे. ॲसिडमध्ये पाणी ओतल्यास ते उसळून तोंडावर उडते. टर्मिनलवर जमलेली पांढरी-निळसर पूड फुंकरीने किंवा हवा मारून उडवू नये. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून वर ओतावा, फसफस थांबेपर्यंत थांबावे आणि ओल्या फडक्याने पुसून ते फडके वेगळे टाकावे.

ब्रेकच्या कामात हवा मारणे हीच सर्वांत वाईट सवय आहे. ड्रम उघडला की आत बारीक करडी धूळ दिसते, कॉम्प्रेसरची नळी हाताशी असते आणि दोन सेकंदांत ड्रम लख्ख होतो. पण ती धूळ गॅरेजातल्या प्रत्येकाच्या छातीत जाते. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीत) ॲसबेस्टॉस हे तंतुमय खनिज असू शकते, आणि लायनर नुसता पाहून ते आहे की नाही हे ओळखता येत नाही. ॲसबेस्टॉसमुळे होणारे आजार अनेक वर्षांनी, काही वेळा तीस-चाळीस वर्षांनी, प्रकट होतात. म्हणून ड्रमखाली ट्रे ठेवावा, साबणाचे पाणी हलक्या हाताने फवारून धूळ पूर्ण भिजवावी, ब्रशने ट्रेमध्ये उतरवावी, फडक्याने पुसावे, आणि ओला गाळ फडक्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकावा. यात दहा मिनिटे अधिक जातात आणि ती गेलीच पाहिजेत.

स्प्रेचा ब्रेक क्लीनर वापरायचा असल्यास डब्यावरील घटक वाचावेत. क्लोरीनयुक्त क्लीनर पूर्ण वाळण्यापूर्वी त्या जागी वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. हेक्झेन असलेल्या क्लीनरने मज्जातंतूंना इजा होते. कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास गाड्या दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये असे रुग्ण आढळले होते आणि त्यांच्या हातापायांत मुंग्या येणे, बधिरपणा अशी लक्षणे होती. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर दिवसभर पाना धरल्याने असे होते, असे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना आपण काय वापरतो ते सांगावे. ब्रेक ऑइल बॉडीवर सांडल्यास रंग निघतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच ऑइलचा डबा संडासात ठेवलेल्या ब्लीचिंग पावडरशेजारी ठेवू नये, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही : दोन्ही एकत्र आल्यास काही वेळाने आपोआप पेट घेऊ शकतात.

पेंटिंगच्या कामात नवख्याने सुरुवातीला केवळ घासकाम आणि मास्किंग (रंग नको तो भाग झाकणे) करावे. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा द्रव, मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट हे रसायन असते आणि त्याच्यामुळे दमा जडतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो आणि रंगकामाचा धंदाच सोडावा लागतो. धोकादायक पातळीलाही त्याचा वास येत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपली हे कळण्याची सोय नाही. म्हणूनच अशा रंगासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि हवा बाहेर खेचणारा बंदिस्त बूथ लागतो. ही सोय नसलेल्या गॅरेजात असा रंग मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कूलंटची चव गोडसर असते आणि त्यातील इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. गाडीखाली सांडलेले कूलंट गॅरेजातले कुत्रे चाटते, त्यामुळे ते लगेच पुसावे. रेडिएटरचे झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडू नये. एसीचा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे त्याचा फवारा बोटावर किंवा डोळ्यावर आला तर तो भाग गोठतो. तो मोकळ्या हवेत सोडणेही गैर आहे, कारण हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणीच ते काम द्यावे.

पाचवी पायरी : उरलेले कुठे जाणार

गॅरेजातील जळके ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून किंवा जनावरांच्या जखमांवर लावायला मागून नेले जाते. ते देऊ नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे लागते. ऑइलच्या पिंपात पेट्रोल, थिनर किंवा कूलंट मिसळू नये. थोड्याशा पेट्रोलनेही सगळे पिंप सहज पेटणारे होते आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करणे अवघड होते. ऑइल फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळून घ्यावा. जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याला परत द्यावी आणि तिच्यातले ॲसिड कधीही गटारात ओतू नये. तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत आणि डबा रोज रिकामा करावा.

सांडलेले पेट्रोल पाण्याने गटारात ढकलणे अत्यंत धोक्याचे आहे. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी पाइपलाइनमधून गटारांत झिरपलेल्या पेट्रोलच्या वाफेचे स्फोट होऊन रस्तेच्या रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. गॅरेजातले दोन लिटर त्या मानाने थोडे असले, तरी ते ज्या गटारात जाते त्यावर झाकण असते आणि शेजारी चहाची टपरी असते. सांडलेल्या पेट्रोलवर वाळू टाकावी, ती पत्र्याच्या डब्यात भरून उघड्यावर न्यावी. ॲसिडवर भुसा टाकू नये, सोडा किंवा चुना टाकावा.

काही घडलेच तर

अग्निशामक सिलिंडरची जागा पहिल्या दिवशीच पाहावी आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते तपासावे. गॅरेजात एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, तेल-पेट्रोल आणि वायू या तिन्ही आगींवर चालणारा, सिलिंडर असावा. पिन काढावी, नळी ज्वालांवर नव्हे तर आगीच्या बुडाशी रोखावी, दांडा दाबावा आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावे. पाठ कायम दाराकडे ठेवावी. लहान सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडून १०१ ला फोन करावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीतून धूर किंवा फुसफुस येऊ लागल्यास विझवण्याच्या फंदात न पडता सर्वांनी लांब व्हावे.

डोळ्यात काहीही उडाल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा. ॲसिड उडाले म्हणून डोळ्यात किंवा त्वचेवर सोडा लावू नये. डोळा धुण्यासाठी नळ डोळे मिटूनही सापडला पाहिजे. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर गिळले गेले असेल तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी किंवा दूध देऊ नये. अलॉय व्हील किंवा गंज काढायच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते लागल्यावर काही तास दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत इजा होत राहते, म्हणून अशा द्रवाचा थेंब लागला तरी धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

डिझेल इंजेक्टरच्या पाइपची गळती बोटाने चाचपून पाहू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. आधुनिक डिझेल गाड्यांत इंजेक्टरमधला दाब हजार बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) पुढे असतो आणि त्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसते. बाहेरून सुई टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, रक्तही फारसे येत नाही, त्यामुळे फडके गुंडाळून काम चालू ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी बोट काळे पडू लागते. असा ठिपका दिसला की दुखत नसले तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. १०८ ला फोन करताना काय लागले, किती आणि केव्हा, हे सांगावे, आणि रुग्णासोबत त्या रसायनाचा डबा, किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो, डॉक्टरांच्या हाती द्यावा.